रिकाम्या काट्यावर साठ किलो

जगन साळवेच्या घरात भुताला बंदी होती. देवाला होती, आत्म्याला होती, उताऱ्याच्या लिंबाला आणि मांजर आडवं जाण्यालाही होती. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं सामान त्यांनी एकदमच घराबाहेर काढलं, आणि पुढच्या तीन पिढ्यांत ते परत आत आणायची कोणाची छाती झाली नाही. त्यामुळे शीळफाट्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी नसताना साठ किलो दिसायला लागले, तेव्हा जगनला धड घाबरायचीही सोय नव्हती.

त्या काट्यावर तो सत्तावीस वर्षं बसत होता. काम साधं. जमिनीच्या पातळीत बसवलेल्या लोखंडी पाटावर ट्रक उभा करायचा, ड्रायव्हर-क्लीनरने खाली उतरायचं, आणि काचेच्या केबिनमध्ये बसून जगनने आकडा बघून पावती काढायची. आधी रिकामी गाडी, मग भरलेली. दोन्हींतला फरक म्हणजे माल. केबिनच्या बाहेर दहा-दहाच्या पटीत पळणारे मोठे लाल आकडे, आणि आत एक माईक. पुढे घे, मागे घे, खाली उतर, हे सगळं जगन त्या माईकवरून सांगायचा. पाटावर काही नसलं की आकडा शून्य हवा. नसला तर शून्याचं बटण दाबायचं. चिखल, पाणी, ऊन, कशानेही दहा-वीस किलोंचा फरक पडतो, त्यात काही विशेष नाही.

पण हे दहा-वीस नव्हते. दर वेळी साठच. तेही दुपारी साडेतीनच्या सुमाराला, आणि पाट अगदी स्वच्छ रिकामा असताना. जानेवारीत पहिल्यांदा झालं, मग आठवड्या-पंधरवड्याने होतच राहिलं. जगन बटण दाबायचा आणि आकडा शून्यावर यायचा. मालकाने भिवंडीहून मेकॅनिक आणवला. त्याने पाटाखालचा गाळ काढला, वायरी तपासल्या, काटा टकाटक आहे म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेला. पुढच्या मंगळवारी पुन्हा साठ.

कळव्याच्या घरी तो आणि बायको मंजुळा, दोघंच. मुलगा महेंद्र आठ वर्षांपूर्वी, सतरा वर्षांचा असताना, एका सकाळी घरातून गेला तो परत आला नाही. पोलिसांत तक्रार झाली, फोटो लागले, नातेवाईक नाशिक-मनमाडपर्यंत फिरून आले. आहे की नाही, एवढंसुद्धा कळलं नाही. घरात त्याचं नाव निघत नव्हतं आणि तरी सगळं घर त्याच्याभोवती फिरत होतं. त्याची खाट काढून टाकलेली, पण दोघंही त्या मोकळ्या जागेला वळसा घालूनच खिडकीपर्यंत जात. मंजुळा जेवायला वाढताना तीन ताटं काढी आणि एक परत ठेवी. फोनवर अनोळखी नंबर आला की दोघांचे हात एकाच वेळी पुढे येत. याला भूत म्हणायची मुभा असती, तर निदान कोणाला तरी बोलावून काढून तरी घेता आलं असतं.

मार्चमध्ये विहारात व्याख्यान झालं. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कोणा शिकलेल्या माणसाला बोलवायची तिथली पद्धत. आधीच्या खेपेला मधुमेहावर झालेलं. या वेळी ठाण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या दक्षता मॅडम आल्या, आणि विषय होता डार्क मॅटर, मराठीत कृष्णद्रव्य. मागच्या रांगेतली मंडळी पहिल्या पाच मिनिटांतच पेंगायला लागली. जगन कडेच्या खुर्चीवर बसला होता, तो चहा सुटायची वाट बघत.

मॅडम सांगत होत्या की आकाशगंगेतले तारे तिच्या मध्याभोवती फिरतात. जे कडेला आहेत ते हळू फिरायला हवेत, कारण तिथे ओढ कमी पडते. पण मोजून बघितलं तर तेही जोरातच फिरतात. म्हणजे दिसतंय त्याच्यापेक्षा तिथे जास्त वजन आहे, थोडंथोडकं नव्हे, दिसणाऱ्या पदार्थाच्या जवळजवळ पाचपट. ते उजेड देत नाही, उजेड अडवत नाही, आपल्या अंगातून आरपार निघून जातं. फक्त ओढतं. मॅडम ठाण्याच्या चेंदणीतल्या कोळ्यांच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, माझे वडील खाडीचं गढूळ पाणी बघत बसत नसत, जाळ्याची दोरी कुठे ताणली जातेय ते बघत. मग त्यांनी सांगितलं की हा फरक पहिल्यांदा ध्यानात आला तेव्हा पुष्कळांनी मोजण्यातच चूक असेल म्हणून तो बाजूला ठेवला, आणि त्यात कित्येक वर्षं गेली.

जगनचा हात वर गेला. विहारात त्याने जन्मात कधी प्रश्न विचारला नव्हता.

"मॅडम, आणि काटा बरोबर असेल तर?"

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"काटा बरोबर असेल तर मानायला पाहिजे, की तिथे काहीतरी आहे. आपण बघितलेलं नाही, एवढंच."

त्या दिवसापासून जगनला वेड लागलं, हे कोणीही मान्य करील. दहावी नापास माणूस, पण फोनवर मराठी, हिंदी, सापडेल ते व्हिडिओ बघायला लागला. जुन्या पावत्यांच्या पाठीवर आकाशगंगा काढायला लागला. मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर इतके प्रश्न पाठवले की त्या बिचाऱ्या रविवारी एकदम उत्तरं द्यायला लागल्या. ड्रायव्हर लोक त्याला शास्त्रज्ञ काका म्हणून चिडवत, आणि तो त्यांना पावतीबरोबर विश्व फुकटात समजावून देई. खोल खाणींच्या पोटात टाक्या आणि यंत्रं लावून माणसं त्या न दिसणाऱ्या द्रव्याची वाट बघत बसलीत, वर्षानुवर्षं, आणि अजून खात्रीचं काही हाती लागलेलं नाही, हे कळलं तेव्हा त्याला भरून आलं. त्या माणसांविषयी त्याला आपल्या नात्यातल्यांसारखं वाटायला लागलं.

मंजुळा तांदूळ निवडता निवडता हे सगळं ऐकून घेई. एकदाच तिने विचारलं की जे दिसत नाही ते आहे म्हणायचं, हे आपल्या घरात चालतं का. जगन म्हणाला, हे मोजलेलं आहे. मग ठीक आहे, असं म्हणून ती पुन्हा खडे वेचायला लागली.

पण आकाशगंगा हे नुसतं निमित्त होतं. जगनला ओढत होती ती एक पावती.

महेंद्र लहान असताना सुट्टीत बापाबरोबर काट्यावर यायचा, आणि दोघांचा एक खेळ होता. ओळखीच्या ड्रायव्हरला फितवून पोरगा रिकाम्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली लपायचा. नेहमीच्या गाड्यांची रिकामी वजनं जगनला पाठ. आकडा जास्त दिसला की तो माईकवरून पुकारायचा, "ताडपत्रीखालचे पाहुणे, खाली उतरा." पोरगा खिदळत उतरायचा. अगदी लहान होता तेव्हा त्याचे पंधरा-वीस किलो डिझेलच्या फरकात विरून जायचे आणि बापाला कळायचं नाही. अशा वेळी खरं तर पोरगा जिंकलेला असायचा, पण तो जिंकल्यावर रडायचा. मी होतो तरी तुम्हाला कळलं नाही, म्हणायचा.

दसऱ्याला मालक काट्याला हार घालून नारळ फोडी. जगन पूजेला उभा राहत नसे. त्याचं पूजन म्हणजे त्या दिवशी पाट धुवून त्यावर महेंद्रला उभं करायचं. वीस, तीस, चाळीस करत पोरगा वाढला. शेवटच्या दसऱ्याला तो भरला साठ.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी महेंद्रने जाहीर केलं की बारावी सोडणार आणि ट्रक शिकणार. आयुष्यभर ट्रकवाल्यांचे हाल काचेतून बघितलेल्या जगनने त्याच्या कानाखाली मारली, तीही गॅलरीत, शेजाऱ्यांसमोर. मारली आणि ड्युटीवर निघून गेला. मागे मंजुळा पोराला म्हणाली की बापाची माफी मागितल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस. महेंद्र चपला घालून निघाला. पोराला आपल्या जिभेने घालवलं, हे मंजुळेने त्या दिवसापासून मनाशी धरलेलं. कोणी समजूत घातली की ती मान हलवायची, पण ते तिच्यापर्यंत पोचायचं नाही.

आणि त्याच दुपारी, साडेतीनला, चांगदेवची गाडी रिकामी काट्यावर आली. चांगदेव कित्येक वर्षांपासूनचा ओळखीचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीचं रिकामं वजन आठ हजार दोनशे चाळीस. त्या दिवशी दिसलं आठ हजार तीनशे. जगनने काय केलं? ताडपत्री भिजलेली असेल असं ठरवलं आणि पावती देऊन टाकली. पुढे एकदा मंजुळेजवळ बोलता बोलता तो हे बोलूनही गेलेला. पोलिसांना मात्र बोलला नाही. ओल्या ताडपत्रीचं पोलिसांना काय सांगायचं?

आता व्याख्यानानंतर त्याने केबिनच्या माळ्यावरची पोती उपसून त्या महिन्याचे गठ्ठे काढले. पावतीची कार्बन प्रत मिळाली. शाई उडालेली, पण आकडा स्पष्ट होता. काटा बरोबर होता. जगनने ती घडी करून खिशात ठेवली आणि एप्रिलमधल्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच बस पकडून तो कल्याणला गेला.

चांगदेव आता गाडी चालवत नव्हता. गुडघे गेलेले, कोळसेवाडीत मुलाकडे राहत होता. जगनला दारात बघून त्याने सुनेला भाजी आणायला पाठवून दिलं, आणि ती जिना उतरेपर्यंत काही बोलला नाही. जगनने पावती त्याच्यापुढे ठेवली.

"मला वाटलेलंच, साळवे, तुम्ही एक दिवस येणार," चांगदेव म्हणाला.

त्या दिवशी महेंद्र गाड्यांच्या रांगेपाशी आला होता. काट्याच्या थोडं अलीकडे. खेळायचंय म्हणाला. एवढा मिसरूड फुटलेला पोरगा खेळायचं म्हणतोय म्हणून चांगदेवला हसू आलेलं. पण महेंद्रने त्याला सांगितलं की घरी भांडण झालंय, आई म्हणाली बाबांची माफी माग, आणि तोंडावर जाऊन बोलायला जमत नाही. बाबांनी हाक मारली की उतरतो आणि सॉरी बोलतो.

"मी गाडी लावली," चांगदेव सांगत होता, "उतरलो. तुम्ही आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी हसलो पण. तुमचा हात माईकवर गेलेला, साळवे. मी बघितला."

जगनने पावती परत हातात घेतली.

"मग तुम्ही हात मागे घेतला. पावती सरकवली."

पुढे गेल्यावर चांगदेवने गाडी कडेला घेऊन पोराला उतर म्हटलं, घरी जा म्हटलं. महेंद्र ताडपत्रीखालून बाहेर आला नाही. आतूनच म्हणाला, "त्यांना कळलेलं, काका. माझं वजन त्यांना पाठ आहे." कल्याणला पत्री पुलाजवळ तो उतरला आणि स्टेशनच्या दिशेने गेला. मागे वळून बघितलं नाही. अंगावर शर्ट-पँट, हातात काही नाही. पोलिसांनी आपल्यालाच धरलं असतं म्हणून चांगदेव घाबरून गप्प राहिला, हे त्याने कबूल केलं. मग म्हणाला, "आणि तुम्हाला माहीत होतं ना. मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

परतीच्या बसमध्ये जगनला खिडकीची जागा मिळाली. मेट्रोचे खांब एकामागून एक जात होते. आठ वर्षांत त्याने स्वतःलाही जे कधी सांगितलं नव्हतं, ते आता समोर येऊन बसलं होतं. त्याला कळलं होतं. आठ हजार तीनशे दिसल्याबरोबर कळलं होतं. हात माईककडे गेला आणि तेवढ्यात सकाळचा राग परत उसळला. राहू दे म्हटलं जरा ताडपत्रीखाली, तापू दे, उतरेल आपला आपण, नाहीतर संध्याकाळी येईलच घरी. पावती छापून बाहेर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच काय तो राग. ओली ताडपत्री त्याने रात्री शोधून काढली, पोरगा आला नाही तेव्हा.

हे चांगदेवशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, आणि चांगदेव काही बोलणार नव्हता. जगन बोलला नाही तर मंजुळा ते आपलं एक वाक्य मरेपर्यंत वाहणार होती. बोलला तर तिच्यावरचं ओझं उतरणार होतं, पण मग या घरात त्याच्याकडे बघायला कोणी उरणार नव्हतं. मुंब्र्यापर्यंत त्याने न बोलायचं ठरवलं. कळव्याला उतरला तेव्हा त्याला आपल्या पायांचीच भीती वाटत होती, कारण ते घराकडे चालले होते.

मंजुळा दारात बसून मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"महेंद्र त्या दिवशी काट्यावर आलेला. चांगदेवच्या गाडीत, ताडपत्रीखाली. माफी मागायला आलेला, तू सांगितलेलंस म्हणून."

मंजुळेचा हात थांबला.

"आलेला?"

"हो."

"माझं ऐकून?"

"हो. मी हाक मारायची वाट बघत होता. मला साठ दिसले, मला कळलं, आणि मी मारली नाही."

तिने हातातली काडी कागदावर ठेवली आणि म्हणाली, "फेब्रुवारीत ताडपत्री कशाने भिजते, हे मी तुम्हाला आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही."

जगनला वाटलं होतं ती ओरडेल, मारेल, माहेरी जाईल. तसं काही झालं नाही, आणि त्यामुळे त्याला जास्त भीती वाटली. आता काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून जे मेकॅनिकला आणि मालकाला सोडून कोणाला सांगितलं नव्हतं तेही त्याने सांगितलं. रिकामा काटा हल्ली साठ दाखवतो. दुपारी साडेतीनला.

"मग तुम्ही काय करता?"

"शून्य दाबतो."

मंजुळेने मेथीचा कागद गुंडाळून आत नेला. त्या रात्री तिने स्वयंपाक केला, दोन ताटं घेतली, दोनच. झोपायच्या वेळी तिने आपलं अंथरूण उचललं आणि आठ वर्षं ज्या जागेला वळसा घातला त्या जागेवर, महेंद्रच्या खाटेच्या जागी, नेऊन टाकलं. पाठ करून झोपली. दिवा घालवल्यावर म्हणाली की उद्या मी काट्यावर येते.

सत्तावीस वर्षांत ती कधी तिथे आली नव्हती. दुसऱ्या दिवशी पर्स मांडीवर घेऊन ती केबिनमधल्या स्टुलावर बसून राहिली. गाड्या येत होत्या, जात होत्या. ड्रायव्हर पावती घेताना तिच्याकडे बघत आणि आज शास्त्रज्ञ काकांची मस्करी करायची नाही एवढं त्यांना न सांगता समजत होतं. डबा दोघांनीही उघडला नाही. तीन वाजून गेले. मग साडेतीन. एक डंपर वजन करून उतरला आणि पाट रिकामा झाला. आकडे घसरत शून्यावर आले. जगनला उगीच हायसं वाटलं.

मग ते हलले. वीस, पन्नास. साठ. साठवर थांबले.

पाटावर काही नव्हतं. धूळ, टायरांचे ओले ठसे, उन्हात तापलेलं लोखंड. जगनचं बोट सवयीने शून्याच्या बटणाकडे गेलं. मंजुळेने त्याचं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती. आपल्या घरात असलं काही मानत नाहीत, हे त्याला आठवलं, तिलाही आठवत असणार, पण ती काचेतून पाटाकडेच बघत होती.

"बोला," ती म्हणाली.

जगनने माईक ओढून घेतला. पहिल्या खेपेला नुसता श्वासच भोंग्यातून बाहेर गेला.

"ताडपत्रीखालचे पाहुणे, खाली उतरा."

आवाज रस्त्यापर्यंत गेला. मागे रांगेत उभ्या असलेल्या ट्रकमधून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं आणि काका, गाडी घेऊ का, म्हणून विचारलं. जगनने त्याला हाताने थांबवलं. आकडा साठवरच होता.

"अजून एकदा," मंजुळा म्हणाली. तिने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. "जोरात बोला. लांब गेलाय तो."